मदत हवी आहे : प्रतिपिंडांवरील शर्करा आणि संधिवात
नमस्कार. मी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात राहतो आणि बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. माझ्या आत्याला रुमॅटॉइड संधिवात आहे. सकाळी तासभर तिची बोटे इतकी आखडलेली असतात की लाटणेही धरवत नाही. त्या निमित्ताने वाचू लागलो आणि एका मुद्द्यावर अडलो.

आयजीजी या प्रतिपिंडाच्या (रोगजंतूंना ओळखून चिकटणाऱ्या रक्तातील प्रथिनाच्या, म्हणजे अँटिबॉडीच्या) दोन्ही जड, म्हणजे लांब, साखळ्यांवर २९७ व्या अमिनो आम्लाच्या स्थानी शर्करेची एकेक फांदी असते. रुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांमध्ये तिच्या टोकाचे गॅलॅक्टोज (एक साधी शर्करा) बऱ्याचदा नसते, हे १९८५ मध्येच दाखवले गेले. सायलिक आम्ल (हीही एक शर्कराच) गॅलॅक्टोजवरच बसत असल्याने, दाह शमवण्यास मदत करणारे ते टोकही त्याबरोबर जाते, इथवर समजले. गरोदरपणात हे गॅलॅक्टोज वाढते, पुष्कळ स्त्रियांचा त्रास नेमका त्याच काळात कमी होतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा उफाळतो, हे मला फार बोलके वाटते. (आत्याने मात्र 'शर्करा' ऐकून गोड वरणच सोडले, ही फांदी पेशी स्वतःच रचते, हे तिला काही केल्या पटत नाही.)

माझा प्रश्न असा, की गॅलॅक्टोजची ही घट दाहाचे कारण आहे, की दाहामुळे प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींतील विकरे (एन्झाइम) बदलल्याचा परिणाम? सांधे दुखू लागण्यापूर्वीच हा बदल दिसल्याची निरीक्षणे असल्यामुळे त्याला निव्वळ परिणाम म्हणणे मला पटत नाही. या विषयात काम करणाऱ्यांनी कृपया खुलासा करावा, आणि 'ग्लायकोसिलेशन'साठी (प्रथिनांवर अशी शर्करा जोडण्याच्या क्रियेसाठी) वर्गात वापरण्याजोगा सुटसुटीत मराठी शब्दही सुचवावा.