नवीन फोन: प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक अ‍ॅप 'पेंडिंग'वर अडकतंय, रिसेट मारू का?

सांगलीकर_७
नवा फोन, अँड्रॉइड १४, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज. सेटअप करताना जुन्या फोनवरची अ‍ॅप्स आणायचा पर्याय निवडला होता. आता प्ले स्टोअरमध्ये काहीही इन्स्टॉल करायला गेलं की नुसतं 'पेंडिंग' येतं. गोल फिरत राहतो, टक्के दिसतच नाहीत. ब्राउझर आणि यूट्यूब मात्र व्यवस्थित चालतात. सिम अजून जुन्या फोनमध्येच आहे, नव्याला त्याचाच हॉटस्पॉट दिलाय. ३६ जीबी जागा मोकळी आहे, तारीख-वेळ बरोबर आहे. फोन बंद-चालू केला, प्ले स्टोअरची कॅशेही पुसली. दुकानदार म्हणतो फॅक्टरी रिसेट मारा. मारू का?

खटपट्या
रिसेट अजिबात नको. रिसेटनंतर तुम्ही परत तीच अ‍ॅप्स परत आणायला सांगणार आणि परत इथेच येऊन थांबणार. त्यात कोणी बटणं दाबून रिकव्हरीतून (फोन सुरू होण्याआधी उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूतून) रिसेट मारला, तर फोन आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. तो आठवला नाही तर वेगळंच झेंगट.

'पेंडिंग' म्हणजे बिघाड नाही, फोन कशाची तरी वाट बघतोय. ती कशाची, एवढंच शोधायचं. आकडा शून्यावरच असेल तर रांग किंवा नेटची परवानगी. ४०-५० टक्क्यांवर अडकत असेल तर नेट तुटतंय. १०० टक्के होऊन 'इन्स्टॉल होत आहे'वर थांबलं तर जागा कमी आहे. तुमचं पहिल्या प्रकारातलं आहे.

आधी रांग बघा. प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडे स्वतःच्या फोटोवर टॅप करा, मग 'मॅनेज अ‍ॅप्स अँड डिव्हाइस'. तिथे अपडेट्सची आणि जुन्या फोनवरून येणाऱ्या अ‍ॅप्सची यादी दिसेल. प्ले स्टोअर एका वेळी मोजकीच डाउनलोड घेतं, त्यामुळे तुम्ही हाताने टाकलेलं अ‍ॅप या सगळ्यांच्या मागे उभं राहतं. यादीतली सगळी रद्द करा आणि तुम्हाला हवं असलेलं एकच लावा. ते हललं, तर रोग कळला.

आता हॉटस्पॉट. अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट समोरच्या अँड्रॉइडला कळवतो की हे नेट मोजून मिळतंय. नव्या फोनवर वाय-फायची खूण दिसते, पण आतून तो ते मोबाइल डेटासारखंच धरतो. 'फक्त वाय-फायवर' असं सेटिंग असेल तर आपोआप येणारी अ‍ॅप्स आणि अपडेट्स खऱ्या वाय-फायची वाट बघत बसतात. ब्राउझरला आणि यूट्यूबला असली अट नाही, म्हणून ते चालतात. दोन ठिकाणी बदल करा:

१. सेटिंग्ज – वाय-फाय – जोडलेल्या नेटवर्कसमोरचं चाकाचं चिन्ह – 'नेटवर्क युसेज' – 'ट्रीट अ‍ॅज अनमीटर्ड'. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हे 'मीटर्ड नेटवर्क' नावाने असतं.

२. प्ले स्टोअर – फोटो – सेटिंग्ज – 'नेटवर्क प्रेफरन्सेस' – 'अ‍ॅप डाउनलोड प्रेफरन्स' – 'ओव्हर एनी नेटवर्क'.

त्याच मेनूतलं 'ऑटो-अपडेट अ‍ॅप्स' तूर्त बंद ठेवा, नाहीतर मोकळी केलेली रांग रात्रीतून परत भरेल.

दादरचा_पोस्टमन
वरच्यात भर. जुन्या फोनचा रोजचा डेटा किती आहे ते बघा. दिवसाला १.५ किंवा २ जीबीच्या बऱ्याच प्लॅनमध्ये तेवढा संपला की नेट बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. १०० एमबीचं अ‍ॅप उतरायला साधारण साडेतीन तास, तेही मध्ये एकदाही नेट तुटलं नाही तर. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज येत राहतात, त्यामुळे नेट चालू आहे असंच वाटतं. जुन्या फोनवरची सगळी अ‍ॅप्स एकदम यायला लागली की दीड जीबी कधी उडतं ते कळत नाही. डेटा रात्री १२ नंतर पुन्हा मिळतो, तेव्हा लावा किंवा एखादा डेटा पॅक मारा. लागणारी चार-पाच अ‍ॅप्सच घ्या. जुन्या फोनवरचा सगळा पसारा नव्यावर हवाच कशाला?

ऑनलाइन_बंड्या
एवढी डोकेफोड कशाला, एपीके (अ‍ॅपची फाइल) थेट टाका आणि मोकळे व्हा. जुन्या फोनवरून अ‍ॅप शेअर केलं तरी चालतं.

खटपट्या
@बंड्या, हा सल्ला नको. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नवीन अ‍ॅप द्यायचं तर ते 'अ‍ॅप बंडल' स्वरूपात द्यावं लागतं. त्या त्या फोनच्या प्रोसेसर, स्क्रीन आणि भाषेप्रमाणे त्याचे तुकडे उतरतात. जुन्या फोनवरून काढलेला एकच तुकडा नव्या फोनवर टाकला की 'अ‍ॅप नॉट इन्स्टॉल्ड' येतं, किंवा उघडताच बंद पडतं.

आणि एपीकेची सवय लागली की एक दिवस 'आरटीओ चलान' किंवा 'पीएम किसान' नावाची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर येते, तीही माणूस टाकून मोकळा होतो. तसली अ‍ॅप्स एसएमएस वाचायची परवानगी घेतात आणि बँकेचा ओटीपी परस्पर पुढे पाठवतात. बँकेचं अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं. कुणी टाकून बसलाच असेल तर नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

सांगलीकर_७
'ट्रीट अ‍ॅज अनमीटर्ड' केलं, रांग रद्द केली. सगळी भराभर उतरली, धन्यवाद. एकच राहिलंय. बँकेचं अ‍ॅप शोधलं की 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं येतं. फोन इथूनच घेतलाय. जीमेल मात्र दुबईत असताना उघडलेलं आहे, तेच वापरतो.

मीनाताई_पुणे
मग दोष फोनचा नाही, खात्याचा. प्ले स्टोअर त्या खात्याचा देश यूएई धरतंय. फोटो – सेटिंग्ज – 'जनरल' – 'अकाउंट अँड डिव्हाइस प्रेफरन्सेस' – 'कंट्री अँड प्रोफाइल्स' इथे बघा. भारतात असताना तिथे भारताचा पर्याय दिसायला हवा. बदलताना भारतातलं कार्ड किंवा पैसे भरायची दुसरी पद्धत जोडावी लागते, आणि बदल दिसायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात. देश वर्षातून एकदाच बदलता येतो, तेव्हा वर्षभरात परत तिकडे जाणार असाल तर हात लावू नका. जुन्या देशातली प्ले शिल्लकही नव्या देशात वापरता येत नाही.

सोपा मार्ग म्हणजे भारतातच नवं जीमेल उघडून ते फोनमध्ये दुसरं खातं म्हणून जोडा. प्ले स्टोअरमध्ये फोटोवर टॅप करून त्या खात्यावर जा आणि बँकेचं अ‍ॅप तिथून घ्या. जुनं खातं, त्यातले फोटो, संपर्क, सगळं जागच्या जागी राहतं. फक्त ते दुसरं खातं फोनमधून काढू नका, पुढची अपडेट्स त्यावरूनच येणार.

'कम्प्लीट अकाउंट सेटअप' म्हणून कार्ड मागणारी पाटी आली तर घाबरू नका, खाली 'स्किप' असतं. मोफत अ‍ॅपला कार्ड लागत नाही.

दादरचा_पोस्टमन
बँकेचं किंवा यूपीआयचं अ‍ॅप उघडण्याआधी सिम नव्या फोनमध्ये घाला. ही अ‍ॅप्स बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून फोनमधूनच एक एसएमएस पाठवतात, हॉटस्पॉटवर ते काम होत नाही. दोन सिम असतील तर बरोबर तेच निवडा. एसएमएस जायला चालू रिचार्ज हवा, नाहीतर 'व्हेरिफिकेशन फेल्ड' येतं आणि लोक अ‍ॅपलाच शिव्या घालतात. आणि या निमित्ताने सिम बदलून नवं घेतलं किंवा ई-सिम केलं, तर ते सुरू झाल्यापासून २४ तास एसएमएस बंद असतात. नंबर चोरून सिम काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून हा नियम आहे. तेवढ्यात परत परत प्रयत्न करत बसू नका. दुसऱ्या दिवशी करा, आणि तोवर जुन्या फोनमधलं यूपीआय काढून टाकू नका.