आधी हँडल बघा, लाइट मागनं

वर तुम्ही विचारलाय की सेकंडहँड रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ घेतलीय, ६० हजार किमी पळालीय, आधी फॉगलाइट टाकू का क्रॅशगार्ड. दोन्ही राहू दे की ओ! मेन स्टँडवर घ्या, मागं कुणालातरी बसवून पुढचं २१ इंची चाक उचला आणि हँडल हळू फिरवा, मधोमध खट्ट करून अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) गेला समजायचं. माझा बेळगाव-गोवा वाटेवरच्या जांबोटी-चोर्ल्याच्या पावसात पाणी शिरून गंजलेला, मग टेपर रोलर बेअरिंग (निमुळत्या रोलरची) घातली, त्याचा बाहेरचा कप (म्हणजे कडं) रात्रभर फ्रीजरात ठेवला म्हणजे जरा आक्रसतो आणि सरळ बसतो (आई मटार बाजूला सारून हे काय ठेवलास म्हणून ओरडली ते वेगळं). जुना कप ठोकून काढायचा रॉड बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याकडनं करून घेतला. टेपर लई आवळू नका हां, सरळ रस्त्यावर पण गाडी डुलती, ५००-एक किमीनं परत चेक करा. फोर्क ऑइल (पुढच्या शॉकअपमधलं) त्याच दणक्यात बदला.

फॉगलाइट नंतर लावा, पण रिले (लाइटचा करंट चालू-बंद करणारा स्विच) नि फ्यूज वेगळा, हेडलाइटच्या वायरीला जोड मारू नका. त्याआधी मल्टिमीटरनं चार्जिंग बघा, रेस केल्यावर १४ व्होल्टच्या आसपास पायजे.