आकाशाकडं बघायला तुम्हाला कोणी लावलं? (विदर्भातल्या गावांचे अनुभव)

खारपाणपट्टा (धागाकर्ता)

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यानंतर पुण्या-मुंबईच्या मंडळींनी भरभरून आठवणी लिहिल्या. कोणी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत व्याख्यान ऐकलेलं, कोणी जवळून पाहिलेलं. वाचताना वाटत राहिलं, आमच्या दर्यापूर-अकोटकडच्या पोरांपर्यंत हा माणूस, किंवा दुसरा कुठलाही खगोलशास्त्रज्ञ, पोचला कसा असेल? पोचला हे नक्की. माझ्या वर्गातला एक जण आज भौतिकशास्त्र शिकवतो, आणि त्याला नाद लागला तो शाळेच्या कपाटातल्या विज्ञानकथांच्या पुस्तकानं. पुस्तकाची पहिली पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळं पहिल्या कथेची सुरुवात आम्ही आपापल्या मनानं ठरवायचो.

तर गावात राहून आकाशाचं, विज्ञानाचं वेड कोणामुळं लागलं ते लिहा. शास्त्रज्ञ प्रत्यक्ष भेटलेला असावा अशी अट नाही. वऱ्हाडी, झाडी, जे तोंडात येईल त्यात लिहा. 'थोर', 'महान' तेवढं टाळा.

पैनगंगेकाठचा

नारळीकर सही मागणाऱ्या पोरांना सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन, त्याखाली सही असेलच. हे आमच्या गुरुजींनी पेपरात वाचलं आणि गुरुजी पेटले. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा तास प्रश्नांचा ठरला. पोस्टकार्डाला पैसे कुठले, वहीचं पान त्या मापाचं फाडायचं. 'चंद्र एस.टी.सोबत का पळतो?' 'चांदण्या दिवसा कुठं जातात?' 'सूर्य विझला तर कापूस होईल का?'

गुरुजी मराठीचे, विज्ञान बेताचंच. 'मला माहीत नाही, पुढच्या शनिवारी सांगतो' असं मास्तरनं वर्गात म्हणणं आम्ही त्याआधी ऐकलंच नव्हतं. आणि पुढच्या शनिवारी ते खरंच सांगत. मधल्या दिवसांत तालुक्याच्या वाचनालयात जाऊन बसत, हे आम्हाला फार नंतर कळलं.

त्यांची एक आवडती गोष्ट होती. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी आपली कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली, आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून कोणी नंबर देऊ नये म्हणून. नंबर तरी आलाच. गुरुजी हे इतक्या वेळा सांगत, की एकानं सहामाहीच्या पेपरवर स्वतःचं नाव उलटं लिहिलं. त्याचा नंबर काही आला नाही.

धानाची बांधी

आमचं गाव सिंदेवाही तालुक्यात. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. आठच्या आसपास सारे जेवणाच्या तयारीत, आणि आभाळातून जळते तुकडे ओळीनं जाताना दिसले. पोट्टे ओरडत रस्त्यावर. कोणी म्हणे विमान पडलं, कोणी म्हणे मिसाइल. थोड्याच वेळात फोन सुरू झाले, लाडबोरीत लोखंडी रिंगण पडलं म्हणून. दुसऱ्या दिवशी मीही बघून आलो. रिंगण तीन मीटरच्या आसपास रुंद, माणूस आरामात आत उभा राहील. कुणाच्या घरावर पडलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं बायका हळहळत होत्या. पुढं आजूबाजूच्या गावांत धातूचे गोळेही सापडले.

आमचे आबाजी मात्र थंड. "हे काहीच नाही," म्हणे, "स्कायलॅबच्या वेळी तर लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, उद्या राहतो का नाही म्हणून." ते १९७९ चं. जुलैत स्कायलॅब, म्हणजे अमेरिकेचं अंतराळस्थानक, पडलं ते ऑस्ट्रेलियात, आणि आबाजींच्या मते कोंबड्या फुकट गेल्या.

मला नाद लागला तो या रिंगणानंतर. अमेरिकेतल्या हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगेच सांगून टाकलं होतं, की ही उल्का दिसत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा खाली येणार होता, तोच हा असावा. या माणसानं आमचा तालुका कधी नकाशावर तरी पाहिला असेल का? पण कुठल्या वेळी काय कुठून जाईल, याचा हिशेब त्याच्याकडं होता. मग मी वाचायला लागलो. उल्का बहुतेक वेळा खड्याएवढी, सेकंद-दोन सेकंदांत संपते. रॉकेटचा तुकडा तिच्याहून हळू येतो, तुटत तुटत बराच वेळ दिसतो. आम्ही पाहिलं ते अगदी तसंच होतं. शाळेत कोणी हे असं सांगितलं असतं तर मी दहावीत विज्ञानाला घाबरलो नसतो.

जागल्या

माहं लहानसंच हाय. १९९७ चा मार्च-एप्रिल. गहू काढून खळ्यावर होता, मी न् बाप राखणीले. सांज झाली की वायव्येकडं शेपटीवाला तारा, साध्या डोयानं दिसे. बाप म्हणे, राजा मरते. रेडिओवर सांगतलं का हा हेल-बॉप धूमकेतू हाय, न् आता हजारो वर्सं येत नाही. बाप लय वेळ गप्प. मंग म्हणे, "म्हंजे याले राजाचं काय पडलं हाय!"

कोरडवाहू

सगळे गोड लिहून राहिले, म्हणून थोडं कडू. नागपूरचं रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून आहे, तारांगण १९९७ पासून. आमच्या शाळेची सहल तिथं गेली. ज्यांच्या घरी कापूस वेचायला हात लागत होते, आणि ज्यांच्याकडं वर्गणी नव्हती, ते मागं राहिले. मी मागं राहिलेल्यांत. सहलीहून आलेल्या पोरांनी आठवडाभर तारांगणाच्या खुर्च्या कशा मागं झुकतात तेवढंच सांगितलं. मोठ्या शास्त्रज्ञांनी मराठीत लिहिलं, भाषणं दिली, हे खरं आहे. पण ते जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन थांबतं. पुढचे चाळीस किलोमीटर कोणी एखादा मास्तरच घेऊन जातो, आणि त्याचं नाव कुठं छापून येत नाही. वर पैनगंगेकाठच्यानं लिहिलंय, तसा मास्तर सगळ्यांच्या नशिबात नसतो.

मोहफूल

कोरडवाहू यांना उत्तर म्हणून नाही, पण उलट दिशेनं घडलेलं सांगते. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंड लोकांचं आकाश नोंदवून घेतलं. गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांना विचारलं, तुम्ही कुठल्या ताऱ्याला काय म्हणता? २०१३ च्या सुमारास त्यावर त्यांचा शोधनिबंध आला. माझ्या आजीचं आकाश त्यात सापडलं. सप्तर्षी म्हणजे बाज, खाट. शाळेत ज्याला मृग म्हणतात तो नांगर. आजी सांगायची, बाज म्हातारीची आहे, चोर ती पळवायला टपलेत, म्हणून म्हातारी कधी झोपत नाही.

शाळेत हे बोललं की पोरं हसायची, म्हणून मी बोलणं सोडलं होतं. निबंध इंग्रजीत आहे, कॉलेजात असताना हाती लागला. आजीला वाचून काय दाखवणार? एवढंच सांगितलं, मुंबईच्या शास्त्रज्ञांनी आपल्या लोकांकडून विचारून लिहून घेतलंय. ती म्हणाली, "त्यांना माहीत नव्हतं का?" मला वाटतं या सगळ्या धाग्यात मोलाचं काम हेच. सांगायला येणारे पुष्कळ असतात, विचारायला येणारा विरळा.

सिल्लारी गेट

मी पेंचला गाइड आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या बाजूचा पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखलेली जागा, म्हणून जाहीर झाला. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा अशा गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलले, आता उजेड फक्त खाली पडतो. आधी गावात कुरकूर होती. अंधार केला तर बिबट आला कसा कळणार, साप कसा दिसणार? प्रश्न खरा होता. पण दिवे काढले नाहीत, झाकले. रस्ता पूर्वीपेक्षा बरा दिसतो, डोळ्यांत झोत जात नाही.

पाहुणे वाघासाठी येतात. वाघ दिसला नाही की चेहरे पडतात. मग रात्री दुर्बिणीतून शनीची कडी दाखवली की तेच लोक पोरासारखे रांगेत भांडतात. धंद्याच्या नजरेनं सांगतो, शनी वाघापेक्षा भरवशाचा. ढग नसले म्हणजे झालं.

अंगणवाडीताई

यवतमाळ जिल्हा. ग्रहण आलं की आमच्याकडं परातीत पाणी घेऊन मुसळ उभं करतात. ते फक्त ग्रहणातच उभं राहतं, असं सगळ्या बायकांचं म्हणणं. गरोदर बायकांना तर घराबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, पाणीसुद्धा नाही. मी भाषण दिलं असतं तर एकीनंही ऐकलं नसतं. एका साध्या मंगळवारी, ग्रहण नाही की अमावास्या नाही, अंगणवाडीच्या ओट्यावर मुसळ उभं करून दाखवलं. बूड सपाट असेल आणि हात स्थिर असेल तर ते कधीही उभं राहतं. दोघी-तिघींनी स्वतः करून बघितलं. एक सासूबाई म्हणाल्या, तुमचं मुसळ वेगळं असेल. त्यांचं आणायला लावलं. तेही राहिलं.

मग तेच मुसळ मे महिन्यात कामाला आलं. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं आपल्याकडं वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच गडप होते. दिल्लीला हे कधीच होत नाही. यवतमाळकडं ही तारीख २१ मेच्या आसपास, वेळ साधारण सव्वाबाराची. चंद्रपूरला एक-दोन दिवस आधी, नागपूरला चार-पाच दिवस नंतर. ऊन असं की ओट्यावर पाय ठेववत नाही, तरी डोक्यावर पदर घेऊन पंधरा-वीस जणी जमल्या. सावली लहान होत होत मुसळाखाली गेली, तेव्हा त्याच सासूबाई खाली वाकून चारही बाजूंनी बघत होत्या.

"परत केव्हा?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, जुलैत. पण तेव्हा ढग असतील.

"मंग पुढच्या मेत मुसळ माहंच घ्या," म्हणाल्या, "ते जास्त सरळ हाय."