पाळी जायचं वय, उडालेली झोप, आणि आता नवऱ्याचंही काहीतरी सुरू झालंय

चिंचगूळ:
वय ४७, राहणार सातारा, शाळेत शिकवते. वर्षभरापासून पाळीचं काही खरं राहिलेलं नाही, कधी दोन महिने गायब तर कधी पंधरा दिवसांत परत हजर, आणि आली की इतकं अंगावरून जातं की वर्गात उभं राहायचीसुद्धा धास्ती वाटते. रात्री अडीचला जाग, मानेपासून पाठीपर्यंत घाम, मी पंखा पाचवर करते आणि शेजारी हे पांघरूण डोक्यावरून घेऊन कुरकुरतात. त्यात चिडचिड. मुलांची नावं ऐन वेळी आठवत नाहीत हे तर फारच जिव्हारी लागतंय. सोनोग्राफीत एक छोटा फायब्रॉइड (गर्भाशयाची साधी गाठ) निघाला तर डॉक्टर म्हणाले मुलं मोठी झालीत ना, मग पिशवी काढून टाका, कटकट संपेल. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.

दुसरं म्हणजे आमचे हे, वय ५३. पोट सुटलंय, जेवले की पेंगतात, कशावरूनही खेकसतात, आणि बाकी "त्या" बाबतीत तर सगळा आनंदच आहे (इथे नाव नाही म्हणून लिहितेय). त्यांनी मोबाईलवर पुरुषांच्या मेनोपॉजची जाहिरात बघून टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) वाढवणारी कसलीशी पावडर मागवलीय. असतं का हो खरंच असं पुरुषांना? आणि पिशवीचं काय करू?

निवांत_एकदाची:
अगं सासूबाईंच्या वेळीही होतं, फक्त चुलीपुढे बसलेल्या बाईचा घाम कुणी मोजला नाही. मी ५५, डोंबिवली. लेडीज डब्यात गर्दीच्या वेळी अंगातून गरम वाफ आली की काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक, त्यात थंडीच्या दिवसांत सगळ्या स्वेटर घालून आणि मी दारात उभी राहून वारा खातेय. माझं बरीच वर्षं चाललं हे सगळं. संध्याकाळनंतरचा चहा बंद केला आणि झोपायची खोली गार ठेवली त्याने थोडा फरक पडला, पण खोटं कशाला सांगू, पूर्ण गेलं नाही.

पिशवीची मात्र अजिबात घाई करू नकोस, दुसरीकडे दाखव. बीडच्या ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांचं २०१९ मध्ये किती गाजलं होतं आठवतंय ना? सरकारी समितीने ८२ हजारांवर बायकांची माहिती घेतली तर १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. पाळीत खाडा पडला की मजुरी बुडते, म्हणून काढूनच टाका. आपण शहरातल्या शिकलेल्या म्हणवतो पण सल्ला तोच मिळतो बघ.

ओपीडीवाली:
मी गायनॅक आहे, पण न तपासता निदान करणार नाही, दिशा तेवढी सांगते. भारतात पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास, म्हणजे चिंचगूळ ताई तुमचं वेळेतच चाललंय. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज म्हणायचं, त्याआधीची जी धुमश्चक्री असते ती काही वर्षं चालते आणि त्या काळात हार्मोन्स एका महिन्यात वर तर दुसऱ्यात खाली, त्यामुळे पंचेचाळिशीनंतर एकदा एफएसएच (हार्मोनची रक्तचाचणी) करून काही फारसं कळत नाही, उगाच पैसे घालवू नका. त्यापेक्षा हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) करा. थकवा, विसरणं, चिडचिड हे थायरॉइडमध्येही होतं आणि रक्त कमी असलं तरीही.

जास्त जाणं ही मात्र "या वयात चालायचंच" म्हणून सोडायची गोष्ट नाही. ४५ च्या पुढे असं अनियमित आणि भरपूर रक्त जात असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला घेतात, बायोप्सी. ती नॉर्मल आली तर गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी बसवता येते, ऑपरेशन हा सहसा शेवटचा पर्याय. आणि कधी करायची वेळ आलीच तर अंडाशय ठेवणार की काढणार हे स्पष्ट विचारा, कारण तेही काढले तर मेनोपॉज एका दिवसात येतो, हाडांना आणि हृदयाला ते महागात पडतं. पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष उलटल्यावर डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं, हे आईला, सासूला, कामवाल्या मावशींना सगळ्यांना सांगा.

अजून एक जे कुणी विचारत नाही: पाळी लांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षं काळजी घ्यायची, पन्नाशीनंतर एक वर्ष.

कोथरूडकर_काका:
ताई, यजमानांबद्दल लिहितो कारण मी त्याच गाडीतला प्रवासी. पुरुषांची गाडी बायकांसारखी एकदम थांबत नाही, टेस्टोस्टेरॉन चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का या गतीने हळूहळू उतरतं आणि बहुतेकांचं काही अडत नाही. युरोपात ४० ते ७९ वयाच्या पुरुषांचा मोठा अभ्यास झाला होता, २०१० मध्ये छापून आला, त्यात लक्षणं आणि कमी हार्मोन दोन्ही जुळून आलेले निघाले जेमतेम २.१ टक्के. मग बाकीच्यांना काय झालंय? पोट, साखर, बीपी, दारू, नाहीतर घोरणं. माझ्याच बाबतीत सौ. म्हणायची तुम्ही घोरताना मध्येच श्वास थांबतो, मी हसण्यावारी न्यायचो, स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) केली आणि मग श्वासाचं मशीन लावून झोपायला लागल्यावर दुपारची पेंग गेली, स्वभावही जरा माणसात आला (असं सौ.चं मत). जेवल्यावर पेंगतात म्हणताय तर आधी साखर बघा, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर). टेस्टोस्टेरॉन करायचंच तर सकाळी उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी, संध्याकाळी कामावरून येताना लॅबमध्ये शिरून दिलेल्या रक्ताला अर्थ नाही. पावडर परत करता येत असेल तर करा.

हळदीकुंकू_नको:
एचआरटीबद्दल, म्हणजे पाळी जाताना देतात त्या हार्मोनच्या औषधांबद्दल, कुणीच लिहिलं नाही. माझ्या आत्त्याला डॉक्टरांनी सुचवली होती, तिने कॅन्सर होतो म्हणून साफ नकार दिला आणि आता वाफांनी हैराण आहे. होतो का खरंच?

ओपीडीवाली:
ती भीती २००२ पासूनची. अमेरिकेत सोळा हजारांवर बायकांवर दोन हार्मोन एकत्र असलेल्या गोळ्यांचा प्रयोग चालू होता तो मध्येच थांबवला, जगभर बातम्या झाल्या. त्यात स्तनाच्या कॅन्सरची वाढ होती दर दहा हजार बायकांमागे वर्षाला साधारण आठ, आणि त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केली तर बऱ्याच जणींना फायदा जास्त, धोका कमी. पण सरसकट नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, पायात गुठळ्या झालेल्या, लिव्हर खराब असलेल्या, किंवा रक्त का जातंय ते कळलेलं नसलं तर नाहीच, म्हणजे ताई तुमची आधी बायोप्सी. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. आत्त्याला सांगा जेल किंवा पॅचबद्दल विचारा, त्यात गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी. हार्मोन नकोच असतील तर वाफांवर बिनहार्मोनची औषधंही आहेत.

चिंचगूळ:
सगळ्यांचे खूप आभार. शनिवारी दुसऱ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय, बायोप्सीचं आणि अंडाशयाचं दोन्ही वहीत लिहून ठेवलंय म्हणजे तिथे गेल्यावर विसरणार नाही. ह्यांना काकांचा रिप्लाय वाचून दाखवला तर म्हणाले मी घोरत नाही. काका, ती स्लीप स्टडी घरी होते का हॉस्पिटलमध्येच राहावं लागतं?

कोथरूडकर_काका:
घरीही होते, तपासणीचं मशीन आणून देतात. तोवर मोबाईलवर घोरणं रेकॉर्ड करून ऐकवा, आमच्या घरी त्यानेच काम झालं.