मदत हवी आहे: रॉचेस्टर नाइटहॉक्सची जेतेपदं कोणाच्या नावावर मांडू?

नमस्कार मंडळी. बॉक्स लॅक्रॉस या खेळावर (हॉकीच्या बंदिस्त रिंगणात, बर्फाऐवजी टर्फवर, जाळीच्या काठ्यांनी खेळतात) मराठीत लेख लिहितोय आणि एका ठिकाणी अडलोय.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर नाइटहॉक्स या संघाने या खेळाच्या व्यावसायिक लीगची पाच जेतेपदं मिळवली: १९९७, २००७ आणि मग २०१२, २०१३, २०१४ अशी सलग तीन. मालक कर्ट स्टायर्स, सिक्स नेशन्सचे (उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा समुदाय). लॅक्रॉस हा खेळ मुळात त्यांच्याच पूर्वजांचा, म्हणून हे मला फार मोलाचं वाटतं. २०१९ मध्ये ते संघ घेऊन कॅनडातल्या हॅलिफॅक्सला गेले, नाव ठेवलं थंडरबर्ड्स. नाइटहॉक्स हे नाव मात्र रॉचेस्टरमध्येच राहिलं आणि त्याच नावाने तिथे नव्या मालकांचा नवा संघ उभा राहिला.

आता तक्ता करताना पाचही जेतेपदं कुठे लिहू? माझा कल हॅलिफॅक्सकडे आहे, कारण मालक आणि बरेच खेळाडू तिकडे गेले. पण जल्लोष केला तो रॉचेस्टरच्या प्रेक्षकांनी, त्यांच्याकडून ते कसं काढून घ्यायचं?

क्रीडा-इतिहास लिहिणाऱ्यांनी कृपया सांगा, तुम्ही अशा वेळी काय करता? शिवाय 'फ्रँचायझी'ला चांगला मराठी शब्द सुचवाल का? तिथे कोणी सामने पाहिले असतील तर आठवणीही नक्की लिहा.