पलटी झालेला ट्रक: दुरुस्त करू की भंगारात देऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचा सहाचाकी ट्रक भरलेला असताना वळणावर उजव्या अंगावर पलटी झाला. ड्रायव्हर सुखरूप आहे, हे आधी सांगतो.

केबिनचं छत उजवीकडून चेपलंय, काचेचा खांब आत आलाय, हौद्याची एक बाजू गेली. पण क्रेनने उभा केल्यावर मागून पाहिलं, तर केबिन आणि हौदा एका रेषेत दिसत नाहीत. खरी काळजी तीच आहे. केबिन दुसरी मिळते, चासीचं, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याचं काय?

गॅरेजवाले म्हणतात, गॅसने तापवून ओढू, सरळ होईल. विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा दुरुस्तीखर्चाचा अंदाज विम्याच्या रकमेजवळ पोचलाय आणि तो टोटल लॉस घ्या म्हणतो, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरून विम्याची रक्कम घ्या. तसं केलं तर कर्ज फिटेल, पण दुसरी गाडी घेण्याइतकं हातात उरणार नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स उत्तम होते, म्हणून जीव अडकलाय. पण या गाडीत रोज कुणीतरी बसणार, समोरून माणसं येणार, हेही डोक्यातून जात नाही. काय तपासून ठरवू?

प्रतिसाद १

आधी एक विचारतो, सेल्फ मारला का? मारला नसेल तर मारू नका. गाडी आडवी पडली की ऑइल सिलिंडरमध्ये उतरू शकतं. ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवा, ऑइल बाहेर येऊ द्या. एअर फिल्टर आणि टर्बोचे पाइपही उघडून बघा. बॅटरीचं ॲसिड वायरिंगवर सांडलंय का तेही पाहा.

आता चासी. हौदा उतरवल्याशिवाय कुणाच्याही अंदाजाला अर्थ नाही. गाडी सपाट फरशीवर घ्या, चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांच्या त्याच त्या भोकांतून ओळंबा सोडा, फरशीवर खडूने खुणा करा आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घ्या. दोन्ही तिरकी मापं जुळली नाहीत तर एक पट्टी पुढे सरकलीय. पीळ वेगळा बघावा लागतो: दोन्ही पट्ट्यांची फरशीपासूनची उंची ठिकठिकाणी मोजा. किती फरक चालतो ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतं. पाट्यांचे (स्प्रिंगचे) ब्रॅकेट आणि क्रॉस मेंबरचे, म्हणजे दोन पट्ट्या जोडणाऱ्या आडव्या तुकड्यांचे रिव्हेट नीट पाहा. तिथे रंग सोललेला असेल तर जोड हललाय. मागच्या ॲक्सलचं हौसिंगही मोजा, ते वाकलं असेल तर टायर खात राहील.

तापवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. बऱ्याच अवजड गाड्यांच्या चासीचं पोलाद उष्णतेची प्रक्रिया केलेलं असतं. गॅस लावला की तेवढ्या भागाची ताकद उतरते आणि भरल्या गाडीला पुढे तिथेच तडा जातो. पट्टीला फक्त बाक असेल तर हायड्रॉलिक बेंचवर थंड ओढून निघतो. पीळ आणि तडा दोन्ही असतील तर गाडी सोडा.

प्रतिसाद २

केबिन ठोकून सरळ करू नका. चेपलेला खांब दिसायला सरळ झाला तरी पुढच्या वेळी छत पेलेल याची खात्री नाही. अंदाजात पूर्ण बदली केबिन धरा. शिवाय सर्व्हेअरला लेखी विचारा: हौदा उतरवल्यावर नवं नुकसान दिसलं तर वाढीव अंदाज घेणार का? आणि टोटल लॉस घेऊन मोडकी गाडी तुमच्याकडेच ठेवली तर किती रक्कम कापणार? इंजिन-गिअरबॉक्स सुटे विकून काय येईल ते त्याशेजारी मांडा. दुरुस्तीच्या काळात बुडणारं भाडंही खर्चातच धरा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. सेल्फ मारलेला नाही. गॅसचं काम थांबवायला आत्ताच फोन करतो आणि हौदा उतरवून घेतो. तिरकी मापं आली की इथे टाकतो, कृपया बघून सांगा.