मायक्रोस्विच, ऑप्टिकल की हॉल? पेंटबॉलसाठी ट्रिगर कुठला बरा

नवखा नेमबाज
आजवर यांत्रिक ट्रिगरचाच मार्कर (पेंटबॉलची बंदूक) वापरला. आता वापरलेला इलेक्ट्रॉनिक घ्यायचा आहे. दोन समोर आलेत, एक मायक्रोस्विचचा, दुसरा ऑप्टिकल सेन्सरचा, आणि दोन्ही विकणारे शपथेवर सांगतात की आपलाच जास्त फास्ट. टिपमन कंपनीच्या हॉल इफेक्टवाल्या, म्हणजे चुंबकावर चालणाऱ्या ई-ग्रिपचाही (इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची मूठ) विचार आहे. मी जास्त झाडीत खेळतो, अधूनमधून स्पीडबॉल (मोकळ्या मैदानावरचा वेगवान खेळ). नक्की फरक कशात पडतो?

हवाबाण
ऑप्टिकल घे, डोळे झाकून. आत काही घासत नाही, झिजत नाही. नुसतं बोट टेकलं की शॉट.

सर्किटवाला
'नुसतं बोट टेकलं की शॉट' हीच तर डोकेदुखी आहे, हवाबाण! मित्रांचे मार्कर दुरुस्तीला माझ्याकडेच येतात, आणि त्यातली निम्मी तक्रार 'एकदा दाबलं की दोन सुटतात' हीच असते.

नवख्या, आधी फास्टचं भूत उतरव. सेकंदाला दहा गोळ्या धरल्या तरी दोन शॉट्समध्ये १०० मिलिसेकंद असतात. स्विच, प्रकाश, चुंबक, तिन्ही यापेक्षा कितीतरी आधी बोर्डाला (मार्करमधल्या सर्किटला) निरोप देतात. रॅम्पिंगमध्ये तर पहिल्या काही शॉट्सनंतर वेग बोर्डच वाढवतो, तू फक्त बोट हलतं ठेवायचं. वर हॉपर (गोळ्यांचा डबा) पुरवील तेवढंच सुटणार.

फरक पडतो तो बोटाला काय कळतं आणि नको तेव्हा काय सुटतं यात. मायक्रोस्विचला 'टिक्' असते. शॉट कुठे सुटतो ते बोटाला पाठ होतं. मला ती टिक् हवीच, तिच्याशिवाय ट्रिगर मुका वाटतो. दाबताना आतले धातूचे संपर्क क्षणभर थरथरतात आणि बोर्डाला एकाच्या जागी तीन-चार दाब दिसू शकतात, म्हणून डिबाउन्सची, म्हणजे हे खोटे दाब काही क्षण दुर्लक्षित करण्याची सेटिंग असते. ती काही मिलिसेकंदांनी वाढवलीस तर वेगात फरक जाणवणार नाही. स्विच झिजतो हे खरं, पण सोल्डरिंग येणाऱ्याला तो बदलणं अवघड नाही.

ऑप्टिकलमध्ये ट्रिगरचं शेपूट इन्फ्रारेड किरण अडवतं किंवा मोकळा करतं. ओढ हवी तेवढी छोटी करता येते, आणि लोक ती नको तितकी छोटी करतात. मग शॉटच्या धक्क्याने मार्कर हलतो, बोट जागेवरच असतं, ट्रिगर त्यावर आपटून पुन्हा दाबला जातो. हा बाउन्स यांत्रिक आहे, तो नुसत्या डिबाउन्सने जात नाही. परतीची स्प्रिंग किंवा चुंबक घट्ट कर, ओढ थोडी वाढव.

घेण्याआधी बघ: गोळ्या काढून, गॉगल लावून, बॅरलवर कव्हर चढवून, फक्त हवेवर. ग्रिप सैल धर आणि ट्रिगर अगदी सावकाश ओढ. एकाहून जास्त शॉट सुटले आणि ओढ ठरवणारे ट्रिगरचे स्क्रू फिरवूनही थांबले नाहीत, तर तो मार्कर नको.

हवाबाण
ओढ नीट ठेवली तर ऑप्टिकलही गुणी असतो. आणि प्लॅनेट इक्लिप्सच्या ईगोसारख्या मार्करमध्ये तर दोन्ही सेन्सर असतात, मेनूतून निवडायचं. भांडणच मिटलं.

चिखलपाय
झाडीत खेळणाऱ्याला हॉल का नाही सुचवत कोणी? ट्रिगरमध्ये चुंबक, बोर्डावर सेन्सर, मध्ये धूळ किंवा फुटलेल्या गोळीचा चिकटा आला तरी त्याला फरक पडत नाही. ऑप्टिकलच्या डोळ्यावर तोच चिकटा बसला की मार्कर एकतर मुका, नाहीतर बेताल.

सर्किटवाला
चिखलाच्या बाबतीत मान्य. फक्त हॉलला टिक् नाही, आणि ट्रिगरमधलं चुंबक सैल झालं तर शॉट सुटण्याची जागा सरकते. ते हलत नाही ना, एवढं पाहून घ्यायचं.

नवखा नेमबाज
मग रिस्पॉन्स ट्रिगर यात कुठे बसतो? तोही खूप फास्ट म्हणतात.

सर्किटवाला
तो इलेक्ट्रॉनिक नाहीच. शॉटनंतरची थोडी हवा ट्रिगरला पुढे ढकलते आणि बोटाचा दाब त्याला पुन्हा मागे आणतो. बॅटरी लागत नाही, पण दाब नेमका राखायला शिकावं लागतं, आणि हवा जास्त खर्च होते. तुझ्यासाठी मी मायक्रोस्विचवालाच घेईन. झाडीत पावसापाण्यात लोळणार असशील तर ई-ग्रिप. ऑप्टिकल घेतलासच, तर ग्रिप उघडून सेन्सर कापसाच्या काडीने कोरडा पुसायचा, दर खेळानंतर.

नवखा नेमबाज
टिक् वाला बघतो. सैल ग्रिपवाली चाचणी विकणाऱ्यासमोरच करून घेतो.

चिखलपाय
बॅटरी नवी टाकून कर. उतरलेल्या बॅटरीवर सोलेनॉइड (हवा सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) नीट उघडत नाही, आणि दोष बिचाऱ्या ट्रिगरला लागतो.